दुसऱ्याचा माउस

माझ्या थोरल्या जाऊबाईंना निवांत बसलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेलं नाही. जेवतानाही त्या खुर्चीच्या कडेवर टेकलेल्या असतात, जणू बाहेर कुणीतरी गाडी चालू ठेवून उभं आहे. कुणी करपलेलं भांडं घासताना दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. ‘दे इकडे, तुझ्याच्यानं निघायचं नाही ते,’ म्हणत भांडं काढून घेतात, आणि ते निघतंही. कुणी सुईत दोरा ओवायला बसलं की पुढच्या क्षणी सुई त्यांच्या हातात. माझे यजमान, म्हणजे त्यांचे धाकटे दीर, विनोद सांगायला लागले की शेवट वहिनीच सांगून मोकळ्या होतात. त्यामुळे आमच्या घरात विनोद सांगायची पद्धतच उरलेली नाही.

खालच्या मजल्यावर त्या आणि थोरले भाऊजी, वरच्या मजल्यावर आम्ही. मधल्या जिन्यावर दिवसभर त्यांची पावलं.

त्या शिकवतात. घरापासून चालत जाता येईल अशा एका व्यवसाय-शिक्षण संस्थेत, संध्याकाळच्या वर्गाला, ज्यांनी आयुष्यात कधी प्रोग्राम लिहिलेला नाही अशा माणसांना प्रोग्राम लिहायला शिकवतात. वर्गानं त्यांचं नाव ठेवलंय ‘वावटळ’. त्यांना ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही, असा माझा संशय आहे.

मी त्या वर्गात गेले ती नाइलाजानं. ज्या कचेरीत मी टायपिंग करायचे ती दुसरीकडे हलली आणि माझी खुर्ची काही हलली नाही. घरी बसून भिंतींशी बोलायची वेळ आली तेव्हा जाऊबाईच म्हणाल्या, “धाकटे, माझ्या वर्गाला ये. बोटं तर तुझी चालतातच, आता डोकं चालव.” पहिल्या दिवशी दारातच मला बाजूला घेऊन सांगितलं, “हे बघ, या उंबऱ्याच्या आत मी तुझी जाऊ नाही. मॅडम म्हणायचं.” मी मॅडम म्हटलं आणि आम्हा दोघींना हसू आवरेना.

वर्ग म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही भिंतींना कॉम्प्युटर, जमिनीवर चिकटपट्टीनं दाबलेल्या वायरी, आणि मागच्या सगळ्या तुकड्यांची अर्धवट पुसलेली अक्षरं अंगावर वागवणारा पांढरा फळा. माझ्या एका बाजूला चष्मेवाली, नुकतं कॉलेज सोडलेली. दुसऱ्या बाजूला ट्रकवाले काका. पाठीच्या दुखण्यानं त्यांचं गाडी चालवणं बंद झालं होतं आणि ते भावाच्या टायरच्या दुकानात बसायचे. काका वर्गाचा जीव होते. एरर आली की म्हणायचे, “चढावर आलो वाटतं, खालचा गिअर टाका.”

जाऊबाईंचं शिकवणं बघण्यासारखं होतं. दोन रांगांच्या मधून त्या सतत फिरत असायच्या. कुणाच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उमटली की घारीसारख्या तिथे. “हं, सरक जरा.” माउस त्यांच्या हातात, दोन जागी टिचक्या, एक कंस, एक स्वल्पविराम, आणि प्रोग्राम सुरळीत. “कळलं ना?” आपण म्हणायचं, “हो मॅडम.” त्या पुढच्या स्क्रीनवर. त्यांच्या वर्गात कुणाचं काही अडून राहत नसे. दर वर्षी निकाल उत्तम लागायचा, कारण दर वर्षी परीक्षेत तेच नेहमीचे चार प्रोग्राम यायचे आणि ते सगळ्यांना तोंडपाठ असायचे.

त्या वर्षी मात्र परीक्षक बदलले. बाहेरून आलेले एक उंच, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी नवीन प्रोग्राम लिहायला सांगितलाच नाही. एक तयार प्रोग्राम दिला आणि म्हणाले, “हा चालतो, पण उत्तर चुकीचं देतो. का ते शोधा.” नियमाप्रमाणे जाऊबाईंना खोलीत थांबता येत नव्हतं. दार बंद झालं.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. लाल अक्षर कुठेच नव्हतं. कुठून सुरुवात करायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. काकांनी एक ओळ खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. चष्मेवाली नखं खात होती. शांततेत फक्त पंखा आणि बाहेरच्या पॅसेजमधली पावलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा या टोकापर्यंत. आम्हा सगळ्यांना ती पावलं ओळखीची होती.

दोघंतिघं सोडून अख्खी तुकडी नापास झाली. मीही.

परीक्षक जाताना जाऊबाईंना जे बोलले ते मी दाराशी उभी असल्यानं ऐकलं. आवाज चढवला नाही त्यांनी. “बाई, तुमची माणसं मेहनती आहेत. पण चूक आली की ती चुकीकडे बघत नाहीत. दाराकडे बघतात.”

घरी येईपर्यंत जाऊबाई माझ्यापुढे दहा पावलं चालत होत्या. मी हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं केलं. घरात सासूबाईंनी विचारलं, “काय झालं ग परीक्षेचं?” तर म्हणाल्या, “मी नापास झाले.” सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ही का तू?”

त्यानंतरचे दिवस घरात फार वाईट गेले. त्या जिना चढायच्या, वर येऊन काही न बोलता खाली जायच्या. धुतलेले कपडे पुन्हा धुवायला टाकायच्या. भाऊजी दबक्या आवाजात मला म्हणाले, “तूच बघ जरा, ही मला तर खोलीत टिकूच देत नाही.” मी काय बघणार? मला स्वतःच्या नापास होण्याचा राग होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

एका सकाळी त्या मला घेऊन बाहेर पडल्या. जुन्या एका विद्यार्थिनीकडे. ती एका दवाखान्याच्या खिडकीत बसून रुग्णांची नोंद करायची. मॅडमना बघून तिचा चेहरा फुलला. जाऊबाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं, “माझ्याकडे शिकलीस, त्यातलं आता काय येतं?”

ती हसली, मग गांभीर्य ओळखून थांबली. म्हणाली, “खरं सांगू मॅडम? तुम्ही शेजारी असलात की सगळं यायचं.”

परतताना जाऊबाई एकदाच बोलल्या. “धाकटे, मी इतकी वर्षं कुणाला शिकवत होते? मलाच ना?”

फेरपरीक्षेला काही महिने होते. तुकडी पुन्हा बसली, आणि पहिल्याच दिवशी जाऊबाईंनी प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी दिली. फळ्यावर तीन-चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. “कॉम्प्युटर बंद ठेवा. हा चालवला तर काय छापून येईल ते लिहा, आणि का येईल तेही. नाव नको. गुण नाहीत.”

“गुण नाहीत तर तपासायचं कशाला?” चष्मेवालीनं विचारलं.

“तुम्हाला नाही, मला तपासायचंय,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशीचा प्रश्न मी विसरणार नाही. प्रोग्रामात आकडा ठेवायला एक जागा लागते. त्या तिला ‘डबा’ म्हणायच्या. डब्याला आपण हवं ते नाव द्यायचं. फळ्यावरच्या डब्याचं नाव होतं ‘सर्वात_मोठा’. त्यात आधी सात टाकले, मग चाळीस, मग बारा. शेवटी डब्यात काय?

मी क्षणभरही विचार न करता चाळीस लिहिलं.

संध्याकाळी त्या चिठ्ठ्या घेऊन वर आल्या आणि माझ्या पलंगावर पसरल्या. चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा. “बघ. चाळीस. चाळीस. चाळीस. चाळीस.”

“मग चाळीसच ना?” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “डब्यात नवीन आकडा टाकला की जुना जातो. शेवटी काय टाकलं?”

“बारा. पण डब्याचं नाव तर मोठा आहे ना! मोठाच ठेवेल तो.”

“अग, त्याला काय कळतंय ‘मोठा’ म्हणजे काय ते! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! नाव आपण आपल्यासाठी ठेवतो. त्याला तू ‘सर्वात_मोठा’ म्हण नाहीतर ‘बटाटा’ म्हण, तो बाराच ठेवणार.”

मला एकदम काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. इतके महिने मी समजत होते की यंत्राला नावाचा अर्थ कळतो, म्हणून नावं अगदी विचार करून द्यायची, की बाकीचं ते बघेल. आणि हे मी कुणाला बोलले नव्हते, कारण बोलण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

जाऊबाई खोलीत येरझारा घालायला लागल्या. “हीच चूक मी किती वेळा दुरुस्त केली असेल तुमच्या सगळ्यांची. दोन टिचक्या, झालं. खाली काय कुजतंय ते कधी उकरलंच नाही.” मग एक चिठ्ठी उचलून म्हणाल्या, “ही ऐक. यानं कारण लिहिलंय. ‘डबा हुशार आहे, तो लहान आकडा आत घेणार नाही.’ केवढं स्पष्ट लिहिलंय! बाकीच्यांनी नुसता आकडा टाकला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली. मनात कौतुकच होतं. नाव तर नव्हतंच. पण ‘डबा हुशार आहे’ म्हटल्याबरोबर वर्गात खसखस पिकली. मीही हसले, माझंही उत्तर तेच असताना. जाऊबाई हात हलवून सांगत होत्या की हे उत्तर मोलाचं आहे, पण हसणं ओसरेपर्यंत कुणाला काही ऐकू गेलं नाही. माझ्या शेजारी ट्रकवाले काका काहीच बोलले नाहीत. गिअरचा विनोदसुद्धा नाही.

त्यानंतर काका वर्गाला आले नाहीत.

सुरुवातीला वाटलं पाठ धरली असेल. वर्गातही कुरबूर वाढली होती. मॅडम आता माउसला हात लावेनात. कुणाचं अडलं की शेजारी येऊन दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, “तुला काय हवं होतं? त्यानं काय दिलं? कुठपर्यंत बरोबर आहे?” बोटं पाठीमागे नुसती वळवळत असायची. लोकांना हे आवडलं नाही. कुणीतरी प्राचार्यांकडे गेलं. मॅडम शिकवत नाहीत, उलट आम्हालाच प्रश्न विचारतात, आणि पेपर परत देतात त्यावर गुण नसतात, नुसता शेरा असतो.

प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. तो संवाद त्यांनी मला घरी जिन्यात उभ्यानंच सांगितला.

“म्हणाले, बाई, गुण का देत नाही? मी म्हटलं, देऊन पाहिले. गुण आणि शेरा दोन्ही लिहून पेपर दिले. सगळ्यांनी गुण बघितले, शेजाऱ्याचे बघितले, आणि पेपर पिशवीत. शेरा एकानंही वाचला नाही. पुढच्या वेळी नुसता शेरा दिला, तर शिव्या घालत का होईना, वाचला.”

“मग?”

“मग म्हणाले, फेरपरीक्षेचा निकाल बघू आणि ठरवू. म्हणजे माझाच पेपर.” असं म्हणून त्या चार पायऱ्या उतरल्या आणि पुन्हा वर आल्या. “धाकटे, मी चुकत तर नाही ना?”

मी कठड्यावरची धूळ पुसायला लागले. कारण मीही त्या शिव्या घालणाऱ्यांतलीच होते.

आमचं भांडण त्याच आठवड्यात झालं. सुट्टीची दुपार होती. मी वर टेबलाशी बसून आठवड्याच्या तापमानांची सरासरी काढायचा प्रोग्राम लिहीत होते. उत्तर सारखं भलतंच यायचं. भाऊजींचा जुना कॉम्प्युटर तापून घोंघावत होता. जाऊबाई वाळलेले कपडे घेऊन आल्या.

“ताई, हे चालत नाहीये.”

कपडे ठेवून त्या मागे उभ्या राहिल्या. “चालतोय. तुला हवं ते देत नाहीये. तुला काय हवं होतं?”

“सरासरी! आणखी काय?”

“किती यायला हवी? हातानं काढलीस?”

“तुम्हाला दिसतंय ना चूक कुठे आहे ते? दिसतंय की नाही?”

“दिसतंय.”

“मग सांगा ना!”

त्यांनी स्वतःचीच कोपरं घट्ट धरली. “नाही.”

माझा तोल गेला. “अख्ख्या जगाच्या हातातलं काढून घेता! भांडं घेता, सुई घेता, नवऱ्याला माझ्या एक वाक्य पुरं करू देत नाही. आणि मला खरोखर गरज आहे तेव्हा हात बांधून उभ्या राहता? मी नापास झाले ते तुमच्यामुळे!”

बोलून गेले. त्यांनी कपडे पुन्हा उचलले, मग तिथेच ठेवले, आणि खाली निघून गेल्या. खिडकीतून मला त्या अंगणात दिसल्या. भिंतीपासून फाटकापर्यंत, फाटकापासून भिंतीपर्यंत.

मी रडले, मग राग आला, मग दुसरं काही सुचेना म्हणून कागद घेतला आणि तीनच तापमानांची सरासरी हातानं काढली. मग एकेक ओळ वाचत कागदावर डबे काढले आणि प्रत्येक ओळीनंतर डब्यात काय आहे ते लिहीत गेले. आधी वाटलं चूक भागाकारात आहे. ती नव्हती. तिसऱ्या फेरीत बेरजेच्या डब्याकडे बघितलं तर त्यात दर वेळी पुन्हा शून्य पडत होतं. शून्य टाकायची ओळ सुरुवातीला एकदाच हवी, ती मी दर दिवसासाठी पुन्हा फिरणाऱ्या फेऱ्याच्या आत लिहिली होती. दर दिवशी मी आधीची बेरीज स्वतःच ओतून देत होते.

मी धावत खाली अंगणात गेले. आमचं बोलणं बंद आहे हे विसरूनच गेले. “ताई, शून्य आत होतं!” आणि सगळं सांगत सुटले, अडखळत, मागेपुढे करत. त्यांचे ओठ माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटाला हलत होते. पण आवाज काही त्यांनी काढला नाही. माझं पुरतं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “भागाकारात नाही हे कसं कळलं?” मी तेही सांगितलं.

मग त्या फाटकाला टेकल्या. “तू म्हणालीस ते खरं आहे. नापासाचं.”

“मी रागात बोलले.”

“रागात खरं बोलता येतं की.”

दुसऱ्या दिवशी त्या टायरच्या दुकानात गेल्या. मीही सोबत होते. काका रबराच्या वासात, टायरांच्या उतरंडीमागे स्टुलावर बसले होते. पाठीमागे उशी. आम्हाला बघून उठायला लागले.

“बसा हो, बसा. पाठीमुळे येत नाही का तुम्ही?” जाऊबाईंनी विचारलं.

काका थोडा वेळ हातातली चाकाची टोपी फिरवत राहिले. “पाठ काय, ती रोजचीच आहे. बाई, तुम्ही नाव घेतलं नाही, ते खरं. पण मला माझा डबा ओळखू आला.”

जाऊबाई भरभर बोलायला लागल्या, की ते उत्तर सगळ्यांत उपयोगाचं होतं, सगळ्यांची चूक तीच होती, फक्त त्यांनीच ती शब्दांत मांडली होती, त्या एका ओळीमुळे आपल्याला कळलं की आपण…

“असेल,” काका मध्येच म्हणाले, शांतपणे. “पण मी या वयात पोरांमध्ये येऊन बसलो होतो. विनोद मी करायचो तोवर ठीक होतं.”

“मी माफी मागते. वर्गासमोर मागते.”

“नको. मग सगळ्यांनाच कळेल डबा कुणाचा होता.” ते हसले. “चहा घ्या.”

चहा घेतला. काका परत आले नाहीत.

पण वर्गात एक गोष्ट बदलली. चिठ्ठी वाचायची झाली की जाऊबाई आधी स्वतःची एक चूक फळ्यावर लिहायच्या. शिकत होते तेव्हा मला असं वाटायचं, आणि का वाटायचं. कधी कधी ती चूक इतकी वेडगळ असायची की लोक हसायचे, आणि मॅडम हसू द्यायच्या. मग म्हणायच्या, “आता तुमच्यातलं एक घेऊ,” आणि चिठ्ठीतलं वाक्य जसंच्या तसं वाचून न दाखवता त्यामागची समजूत सांगायच्या. हळूहळू चिठ्ठ्यांवरची कारणं लांब होत गेली. चष्मेवाली तर चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाही लिहायला लागली.

फेरपरीक्षेला तेच परीक्षक आले. पुन्हा तयार प्रोग्राम, पुन्हा चुकीचं उत्तर. दार बंद झालं. पण या वेळी मी आधी कागद ओढला. आजूबाजूलाही कागदांची सळसळ ऐकू येत होती. पॅसेजमध्ये पावलं होती की नव्हती ते मला आठवत नाही. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

निकाल फार थोर लागला असं नाही. बरेचसे पास झाले, मी त्यात होते. चष्मेवालीचं पास होणं काठावर हुकलं. तिला चूक सापडली होती पण दुरुस्ती उलटी झाली, आणि ती स्वतःच पॅसेजमध्ये सगळ्यांना समजावून सांगत होती की कुठे उलटली. काही जण पुन्हा नापास झाले. जुन्या निकालांच्या मानानं आकडा कमीच होता, आणि प्राचार्यांनी तो भुवया उंचावून बघितला. परीक्षकांनी मात्र त्यांच्याशी बराच वेळ दार लावून बोलणं केलं. चिठ्ठ्या चालू ठेवायला परवानगी मिळाली, पण एका वर्षापुरती.

मला एका छोट्या कारखान्यात काम लागलं. तिथे मालाच्या हिशेबाचे प्रोग्राम सांभाळायचे. जास्त करून दुसऱ्यांनी लिहून बिघडवलेले. मला ते आवडतं.

जाऊबाईंचं समाधान झालंय असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही. पास झालेल्यांची नावं त्या विसरल्या, नापास झालेल्यांची पाठ आहेत. अमक्याला दोन चिठ्ठ्या आधी विचारलं असतं तर, तमकीनं ‘कळलं’ म्हटलं तेव्हा मी का सोडलं, असं चालूच असतं. बाजारात जायचा जवळचा रस्ता दुसरा आहे, तरी त्या टायरच्या दुकानावरूनच जातात. तिथे आल्या की त्यांची चाल थोडी मंद होते. काका आत असले तर हात करतात. त्या हात करतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात, आणि घरी आल्याआल्या उद्याच्या चिठ्ठीचा प्रश्न खोडून पुन्हा नव्यानं लिहायला घेतात.